तळणीचं तेल, जळकं ऑइल आणि डिझेलची टाकी

सांगलीजवळच्या एका भाऊंनी विचारलंय. त्यांचा फरसाणचा छोटा कारखाना आहे, रोज १२-१५ लिटर वापरलेलं पामतेल बाजूला पडतं. धाकट्या भावाचं गॅरेज आहे, तिथं महिन्याला एखादं बॅरल जळकं ऑइल (गाड्यांतनं काढलेलं वापरलेलं इंजिन ऑइल) जमतं. घरी बीएस सिक्स पिकअप, मळ्यात किर्लोस्करचं पाच एचपीचं जुनं इंजिन आणि कारखान्यात डिझेल बर्नरची भट्टी. तर हे तेल या तिन्हीपैकी कशात खपवता येईल? शिवाय जर्मनीतला चुलतभाऊ सांगतो की तिकडं लोक घर गरम करायचं तेल गाडीत टाकतात आणि काही होत नाही, मग आपल्याकडंच एवढं का घाबरायचं, असा एकूण प्रश्न.

मी पंप-नोझलवाला, २६ वर्षं झाली या कामात, आणि मधली सात-आठ वर्षं ओतकामवाल्यांना भट्टीचे बर्नर पण बसवून दिलेत, त्यामुळं ही तेलं मी इंजिनात पण बघितलीत आणि उघड्या जाळावर पण.

पिकअपचा विषय आधी संपवतो. नाही. एक लिटर पण नाही, "जरासं मिसळून बघू" असं पण नाही.

का ते सांगतो, आणि खरं तर हे सांगण्यापेक्षा दाखवायला सोपं आहे. माझ्याकडं नोझल टेस्टर आहे, हातानं दांडा मारायचा, वर छोटी टाकी, खाली नोझल लावायचं. साध्या इंजिनाचं नोझल दोनशे बारच्या आसपास प्रेशरला उघडतं. टाकीत डिझेल असलं आणि नोझल चांगलं असलं की दांडा मारल्यावर चर्र-चर्र असा बारीक आवाज येतो आणि खाली धुकं पडतं, हात धरला तर हाताला ओल लागते पण थेंब दिसत नाही (हात धरू नका मात्र, त्या प्रेशरला तेल कातडीतून आत घुसतं आणि मग बोट कापायची वेळ येते, हे गंमत म्हणून सांगत नाहीये). आता त्याच टाकीत तळणीचं तेल घाला. आवाज बंद. धुक्याच्या जागी पिचकारी, रंगपंचमीला पोरं मारतात तशी सरळ धार. नोझल तेच, प्रेशर तेच. फक्त तेल जाड.

जाडपणा आकड्यात मोजतात तो सेंटीस्टोकमध्ये, ४० डिग्रीला. डिझेल २ ते ४.५ च्या मध्ये असायलाच लागतं, तसं स्टँडर्डच आहे. खायचं तेल ३५-४० च्या आसपास. आणि १५ डब्ल्यू ४० इंजिन ऑइल शंभरच्या वर. म्हणजे दहापट आणि तीसपट जाड. आता पिस्टनच्या डोक्यावर धुकं पडायच्या ऐवजी धार पडली की ती पूर्ण जळत नाही, अर्धी कोक होऊन नोझलच्या तोंडाशी बसते, अर्धी भिंतीवरनं रिंगांकडं जाते आणि रिंगांतनं खाली चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तो भाग) ऑइलमध्ये. खायचं तेल गरम ऑइलमध्ये फार दिवस राहिलं की घट्ट होतं, तुमच्या कढईच्या बाहेरच्या कडेला जो पिवळा-तपकिरी चिकट थर बसतो आणि घासून निघत नाही ना, तोच प्रकार इंजिनाच्या आत. मी एक चेंबर उघडलंय, आत ऑइल नव्हतंच, काकवीसारखं काहीतरी होतं, स्क्रू-ड्रायव्हर उभा केला तर हळूहळू कलत होता. मालक म्हणाला की ऑइल लेव्हल तर बरोबर दाखवत होती. दाखवणारच, उलट वाढत होती, ती का वाढतीय हे कुणी विचारलं नाही.

हे झालं जुन्या इंजिनाचं. तुमच्या पिकअपला कॉमन रेल आहे, म्हणजे एकाच जाड नळीतनं सगळ्या इंजेक्टरांना जबरदस्त प्रेशरचं डिझेल मिळतं. तिथं प्रेशर दोनशे नाही, सोळाशे-दोन हजार बारपर्यंत जातं आणि इंजेक्टरच्या आतली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे डोक्याच्या केसाच्या वीसावा हिस्सा. शिवाय हाय प्रेशर पंपाला वंगण वेगळं नसतं, जे डिझेल जातं तेच त्याचं वंगण. बीएस सिक्स म्हटलं की पुढं डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरकडचा फिल्टर) आलं, एप्रिल २०२० पासून डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आणलंय ते कशासाठी, तर मागची ही सगळी सिस्टिम जगावी म्हणून. तिथं तुम्ही गॅरेजचं जळकं ऑइल घालणार? एका गिऱ्हाईकानं दोन लिटर घातलं होतं फुल टाकीत, कुणीतरी त्याला सांगितलं की इंजेक्टर "साफ" होतात. चारही इंजेक्टर, पंप आणि रेल, शिवाय टाकी उतरवून धुवायची मजुरी. वाचवलेलं डिझेल दोन लिटर.

जळक्या ऑइलबद्दल लोकांचा एक समज पक्का आहे की चांगलं फिल्टर केलं की झालं. जीन्सच्या पँटच्या पायातनं गाळतात, कुणी पाच मायक्रॉनचा फिल्टर लावतं, कुणी सेंट्रिफ्यूज. गाळा की, पण गाळून झाल्यावर बाटलीत धरून बघा, काळं ते काळंच. ती काजळी एवढी बारीक असते की कुठल्याच साध्या फिल्टरला अडकत नाही. आणि काजळी सोडा, नव्या ऑइलमध्येच कंपनीनं झिंक आणि कॅल्शियम घातलेलं असतं, झीज कमी व्हावी आणि घाण बसू नये म्हणून, ते ऑइलमध्ये विरघळलेलं असतं, साखर पाण्यात विरघळते तसं. साखर कधी कापडातनं गाळून निघालीय का? ते जळल्यावर राख होते, आणि ही राख डीपीएफमध्ये एकदा बसली की बसली. काजळी जाळून टाकता येते, राख जळत नाही.

अमेरिकेत कमिन्सनं सेंटिनेल नावाची सिस्टिम दिली होती, ती चालत्या ट्रकच्या इंजिनातलं थोडं थोडं जुनं ऑइल डिझेलमध्ये सोडून जाळायची. हे उदाहरण मला दोन-तीन जणांनी तोंडावर मारलंय. बरोबर आहे, होती. पण ती डीपीएफच्या आधीच्या मोठ्या इंजिनांना, कंपनीनं मोजून ठरवलेल्या प्रमाणात, त्याच इंजिनाचं ऑइल. गॅरेजच्या बॅरलमध्ये काय काय असतं ते तुमच्या भावाला विचारा. ब्रेक ऑइल, कूलंट, स्कूटर धुतलेलं पेट्रोल, गिअर ऑइल आणि पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेलं पाणी.

आता मळ्यातलं इंजिन. इथं मी एवढा कडक नाही.

जुनं एक सिलिंडरचं, पंधराशे आरपीएमचं, साधा पंप, साधं नोझल, अशा इंजिनात पुष्कळ काही चालतं. इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन बघा, करंजाचं तेल, मोगली एरंडाचं तेल, जे काय प्रोजेक्ट पोरं करतात ते बहुतेक किर्लोस्करच्याच एक सिलिंडरवर. आणि मूळ इतिहास बघायला गेलं तर १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. (दर वर्षी १० ऑगस्टला जैवइंधन दिवस आला की मेसेज फिरतात की त्या दिवशी १८९३ साली रुडॉल्फ डिझेलनं शेंगतेलावर इंजिन चालवलं. १० ऑगस्ट १८९३ ही त्या इंजिनाच्या पहिल्या चाचणीची तारीख, शेंगतेल नंतरचं, पॅरिसचं. असो.)

तर वापरायचंच असेल तर फक्त तळणीचं तेल, जळकं ऑइल इथंही नको. तेल आधी पंधरा दिवस उभं ठेवा, हलवू नका, वरचं नळीनं ओढून घ्या आणि खालचं चार बोटं तसंच सोडा. मग पाणी तपासा. लोखंडी तवा गरम करा, चष्मा लावा, त्यावर चमचाभर तेल सोडा, चरचर तडतड झाली की पाणी आहे, गप्प पसरलं तर नाही. फरसाणच्या तेलात पाणी असणारच, बटाटा तळला की येतं. पाणी असलं तर मंद आचेवर ११० डिग्रीपर्यंत हळूहळू न्यायचं आणि तडतड थांबेपर्यंत ठेवायचं, मोठ्या पातेल्यात, अर्धंच भरून, कारण फसफसून वर येतं. मग बारीक फिल्टर. आणि मग डिझेलमध्ये दहा टक्के, फार तर वीस. त्याच्या पुढं मी जाऊ देत नाही. चालू करताना नुसतं डिझेल आणि बंद करायच्या आधी दहा मिनिटं पण नुसतं डिझेल, म्हणजे पंपात आणि नोझलात गार तेल बसून राहत नाही. चेंबरचं ऑइल एरवी जितक्या तासांनी बदलता त्याच्या निम्म्यातच बदला. नोझल दर सीझनला खोलून बघा, तोंडाशी कोबीच्या फुलासारखा कार्बन दिसला की प्रमाण कमी करा.

ताकदीत फार फरक पडत नाही. वजनावर बघितलं तर खायच्या तेलात डिझेलपेक्षा १२ ते १४ टक्के उष्णता कमी, पण तेल जड असतं त्यामुळं लिटरला फरक पाचेक टक्क्यांचाच राहतो. वीस टक्के मिसळीत तो कळणार पण नाही.

एक मात्र, तुमचं पामतेल आहे. हिवाळ्यात ते गोठतं. सांगलीत थोडं गढूळ होईल, पण निफाडच्या एका द्राक्षवाल्यानं मला डिसेंबरात पहाटे फोन केला की इंजिन चालू होईना, टाकीत बघितलं तर वनस्पती तूप. त्याच्याकडं थंडी पाच डिग्रीच्या खाली पण जाते. डिसेंबर-जानेवारीत मिसळूच नका.

आणि रोटरी पंपाचं कुठलं इंजिन असेल तर हे सगळं विसरा. रोटरी पंपाचं वंगण पण तेच डिझेल, जाड तेलानं गार सकाळी आतला शाफ्टच मोडतो. जुन्या मायको कंपनीच्या इनलाइन पंपाला त्याच्या मानानं बरंच सहन होतं.

भट्टीकडं येऊ. जाड तेलाची खरी जागा जाळ ही आहे, यात वाद नाही. फर्नेस ऑइल हे तर नळीतनं नीट वाहत पण नाही गार असताना, शंभर डिग्रीच्या आसपास तापवून मगच बर्नरला देतात आणि अख्ख्या इंडस्ट्रीनं ते वर्षानुवर्षं जाळलं. जळक्या ऑइलमध्ये किलोला दहा हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता आहे, फर्नेस ऑइलच्या जवळपास. मुशीत ॲल्युमिनियम वितळवायला उत्तम. तेल तापवलं, ब्लोअरची हवा नीट दिली, की जाळ पिवळा-पांढरा कडक लागतो. चिमणीतनं काळा धूर म्हणजे हवा कमी, निळसर पांढरा आणि डोळे झोंबणारा म्हणजे तेल न जळता नुसतं वाफाळतंय.

पण तुमची भट्टी फरसाणची आहे. आणि म्हणून जळकं ऑइल तिथं नाही म्हणजे नाही, भले बर्नर बाहेर असो. त्या राखेत झिंक आहे, बेअरिंगचे धातू आहेत, बॅरलमध्ये कुणी काय ओतलंय ते देव जाणे. आठवड्याभरानं भट्टीच्या आतनं बोट फिरवा, राखाडी पांढरी पूड लागते, तीच हवेत पण असते. लोकांच्या शेवेवर ती बसवायची का? आणि कुणी जुन्या ट्रान्सफॉर्मरचं ऑइल स्वस्तात आणून दिलं तर हात पण लावू नका, त्यात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं, अर्धवट जाळलं तर डायॉक्सिन हे आणखी जहाल विष तयार होतं. पीसीबीवर सरकारनं बंदी आणलीय ती उगाच नाही.

शिवाय कायदा. जळकं ऑइल हा २०१६ च्या नियमांप्रमाणं घातक कचरा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं असतं. मला माहितीय निम्मी गॅरेजं ते सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला विकतात आणि उरलेलं भट्टीवाल्यांना. पण भाऊला सांगा, रिसायकलरला द्या आणि पावती ठेवा. त्यातनं परत बेस ऑइल (नवं ऑइल बनवायचं मूळ तेल) निघतं, ते जाळून टाकण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

तुमचं स्वतःचं तळणीचं तेल भट्टीत जाळायला हरकत नाही, पण डिझेलच्या बर्नरमध्ये तसंच ओतू नका. त्याचं नोझल डिझेलसाठी आहे, वर सांगितलेली पिचकारी इथं पण होणार आणि भट्टीच्या तळाला तेलाचं तळं साचणार. तेल साठ-सत्तर डिग्रीला तापवणारी टाकी, हवेनं फोडणारं नोझल आणि जाळ विझला की तेल आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह, एवढं लागतं. तो शेवटचा व्हॉल्व्ह महाग वाटतो म्हणून लोक टाळतात. एका ओतकामवाल्याच्या शेडमध्ये मी स्वतः उभा होतो. बॅरलच्या तळाला पाणी होतं, ते लाइनमध्ये आलं, जाळ फट्-फट् करून विझला. तेल मात्र चालूच. भट्टी लालभडक. पोरगा वाकून बघायला गेला तेवढ्यात आत साठलेली तेलाची वाफ पेटली. भुवया आणि पुढचे केस गेले, डोळे वाचले ते डोळे मिटले म्हणून. पाणी एक लिटर असलं तर वाफ सोळाशे-सतराशे लिटर होते, आणि ती तेलाला बरोबर घेऊन उडते. बॅरलचा नळ तळापासनं सहा इंच वर बसवा, आणि तळाला वेगळा नळ, रोज सकाळी त्यातनं पाणी काढायला.

आणि तेल पातळ व्हावं म्हणून त्यात पेट्रोल किंवा थिनर मिसळायची आयडिया कुणी दिली तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

जर्मनीच्या भावाचं. तो सांगतो ते तसं अर्धं खरं आहे. तिकडचं घरगुती हीटिंग ऑइल हे डिझेलचं सख्खं भावंडच, जुनी गाडी त्यावर चालते पण. फरक टॅक्सचा आहे. डिझेलवर लिटरला ४७ सेंट ऊर्जा कर, हीटिंग ऑइलवर ६ सेंटच्या आसपास. म्हणूनच त्यात लाल रंग घालतात आणि शिवाय डोळ्याला न दिसणारा मार्कर, तो टाकी धुतली तरी फिल्टरमध्ये सापडतो. कस्टमवाले रस्त्यात गाडी थांबवून टाकीत नळी घालतात आणि सापडला तर केस टॅक्स चोरीची. शिवाय हीटिंग ऑइलला सीटेनची (इंजिनात तेल किती पटकन पेटतं त्याचा आकडा) गॅरंटी नसते, डिझेलला तिकडं किमान ५१ लागतं, आणि साध्या प्रकारात गंधक हजार पीपीएमपर्यंत चालतं, म्हणजे नव्या गाडीच्या डीपीएफला ते पण नको. त्याची गाडी वीस वर्षं जुनी असेल म्हणून "काही होत नाही". आपल्याकडं हाच खेळ रॉकेलवर झाला, रेशनच्या रॉकेलला निळा रंग होता तो याचसाठी. आणि तो खेळ किती घाण होता ते २०११ साली मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणेंना तेल भेसळवाल्यांनी जाळून मारलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. रॉकेल पातळ, पंपाला वंगण देत नाही, त्या काळात माझ्याकडं येणाऱ्या पंपांतले एलिमेंट (डिझेल दाबणारे आतले दट्टे) ओरखडलेले असायचे, नखाला लागायचे.

घरी बायोडिझेल करू का, हे तुम्ही विचारलं नाहीये पण पुढचा प्रश्न तोच येणार. रसायन सोपं आहे, शंभर लिटर तेलाला वीसेक लिटर मिथेनॉल आणि कॉस्टिक, खाली ग्लिसरीन बसतं, वर बायोडिझेल. पण मिथेनॉल विषारी, त्याची आग उन्हात दिसत पण नाही, आणि नीट धुतलं-वाळवलं नाही तर उरलेलं कॉस्टिक आणि साबण पंपाला खातात. घरात लहान पोरं असतील तर नकोच.

त्यापेक्षा विका. एफएसएसएआयनं १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात टीपीसी (तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते खाण्यासाठी बंद केलंय, आणि वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल करायची रुको नावाची योजना आहे. रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्याला नोंद ठेवावी लागते, तुम्ही कढईत किती ओतता त्यावर ते बघा, फक्त टाकून किती देता त्यावर नाही. २०१९ ला तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये भाव काढला होता, तेव्हापासनं गोळा करणारे डबे घेऊन दारात येतात. महिन्याचे तुमचे चारशे लिटर म्हणजे त्यांना फेरी परवडते. फक्त ऑथोराइज्ड आहे का ते विचारा, नाहीतर तेच तेल रंग काढून परत गाड्यावरच्या वड्यात जातं.

माझा हिशोब तुमच्यासाठी असा पडतो की बहुतेक तेल विकायचं, मळ्यातल्या इंजिनाला उन्हाळ्यात थोडं मिसळायचं, आणि भट्टीला हात लावायचाच असेल तर आधी व्हॉल्व्हचा खर्च धरून बघायचा. इंजिनाच्या पाटीचा फोटो आणि पंपाचा फोटो पाठवा, पंप इनलाइन आहे की अजून काही ते बघून मग प्रमाण सांगतो. तोवर नुसतं डिझेलच चालू द्या.